नवस त्यांचा, पोट माझं

मला कॅन्सर झाला तेव्हा तुला काय खावंसं वाटतं, असं मला एकाही माणसानं विचारलं नाही. मी काय खायचं नाही, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं. दही नको, थंड पडतं. केळं नको, कफ होतो. तूप नको, जड जातं. दूध नको, दुधानं गाठ वाढते. वांग्याचं तर नावच काढायचं नाही. भेटायला येणारी बाई उंबऱ्यात चपला काढता काढताच माझ्या ताटातला एक जिन्नस कमी करायची. शेवटी उरायची ती भाताची पेज. नुसत्या पेजेवर माणूस किती दिवस उभं राहतं, हे यांतल्या एकीनंही आपल्या घरी करून पाहिलं नव्हतं. सांगायला काय जातं?

पन्नास सालानंतरच्या चारसहा वर्षांतली ही गोष्ट. पिंपरीला नवे कारखाने निघत होते. आमचे हे साताऱ्याकडून इकडे आले, एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि आम्ही रहाटणीत एका शेतकऱ्याच्या घरातल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. समोर अंगण, अंगणाच्या पलीकडे घरमालकीण, तिच्या म्हशी आणि तिच्या कोंबड्या. आमच्या घरात माणसं तीन. हे, मी आणि माझ्या सासूबाई. मूलबाळ नव्हतं. त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर होतं, पण तो राग वेगळा.

दुखण्याची सुरुवात गालाच्या आतून झाली. मिश्री लावायची सवय मला सासरी येऊन लागली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळ-दुपार दातांना चोळायची. जरा निवांतपणा मिळाला की थोडी गालात धरून ठेवायची. आमच्याकडच्या बायकांना तेवढीच काय ती चैन. मी जिथं धरायचे तिथंच आधी पांढरा चट्टा आला, मग जखम झाली, आणि ती काही केल्या भरेना. कारखान्याच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं, मिश्री लावता का म्हणून विचारलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून दिली. मला बघायला येणाऱ्या बायका मात्र कुणाची तरी दृष्ट लागली म्हणायच्या. हे म्हणताना त्यांचे स्वतःचे दात मिश्रीनं काळेकुट्ट दिसायचे.

मुंबईला मी ह्यांच्या चुलतभावाच्या खोलीत राहिले. इस्पितळात आधी त्या बाजूच्या दाढा उपटल्या. मग रोज गालावर विजेचा शेक, म्हणजे क्ष-किरण. शेक घेताना काहीच कळायचं नाही. कळायचं ते नंतर. गाल आतून सोलून निघाला. तोंडातली लाळ आटली. भाकरीचा तुकडा तोंडात टाकला तर तो तसाच कोरडा इकडून तिकडे फिरायचा, घशाखाली उतरायचं नाव घ्यायचा नाही. चव तर गेलीच. भात खाल्ला तरी माती, साखर खाल्ली तरी माती. मीठ लागलं की गालात नुसती आग.

तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. निघायच्या दिवशी त्यांनी ह्यांना आणि मला समोर बसवलं आणि सांगितलं, की अजून अर्धं औषध बाकी आहे. दीडेक महिन्यानं परत यायचं, मग गालात रेडियमच्या सुया घालायच्या. पण अशा काडीसारख्या अंगाला त्या सोसणार नाहीत. "वजन वाढवून आणा," त्या म्हणाल्या. "तेवढं तुमच्या हातात. दिवसातून सहा वेळा खा, थोडं थोडं खा. दूध, अंडं, तूप, मऊ भात, कुस्करलेलं केळं. तिखट नको, आंबट नको, गरम नको. वजन कमी झालं तर मी सुया घालणार नाही, आणि सुया घातल्या नाहीत तर हे पुन्हा वर येईल." इतकं साधं आणि इतकं स्पष्ट माझ्याशी तोवर कुणी बोललं नव्हतं. गाडीत मी सहा वेळांचा हिशेब बोटांवर मांडत आले. सकाळी दूध, मग शिरा, मग भात. खंडाळ्याच्या घाटात मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं होतं.

घरी आलो तर सासूबाईंनी दारातच थांबवलं. भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि मी उंबरा ओलांडायच्या आधीच म्हणाल्या, "देव पावला गं बाई! मी चिंचवडच्या गणपतीला बोलले हुते, सून जित्ती परत येऊ दे, वरीसभर एकभुक्त ऱ्हाईल. एकच डाव जेवंल, त्येबी आळणी."

"कोण राहील?" मी विचारलं. जीभ जड होती, शब्द नीट फुटत नव्हते. त्यांना वाटलं मला ऐकूच आलं नाही.

"तू," त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि चांगल्या गालावरून हात फिरवला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे सायकलची चेन बघत होते. सायकल भिंतीला टेकवलेली, चेन जागच्या जागी, तरी बघत होते.

आता इथं सांगायला हवं, की सासूबाई दुष्ट नव्हत्या. मी मुंबईत असताना त्या रहाटणीहून चिंचवडपर्यंत अनवाणी चालत गेल्या होत्या. माझ्या मरणाला त्या खरोखर घाबरल्या होत्या. पण नवस ज्याच्यासाठी बोलायचा त्यानंच तो फेडायचा, अशी त्यांच्याकडची रीत. पोरगं आजारी पडलं तर पोरानं मोठं झाल्यावर फेडायचा, सून आजारी पडली तर सुनेनं. बोलणारा देवळाच्या पायरीवर उदार होतो आणि घरी येऊन दोन वेळा जेवतो. ही रीत कुणी काढली असेल, त्याला मी आजही चार शब्द सुनवीन.

अळणीचं मला काहीच नव्हतं. मीठ मला नकोच होतं. माझा जीव घेत होतं ते एक वेळचं जेवण. आमच्या घरात बायका पुरुषांच्या मागून जेवायच्या, त्यामुळे ते एक जेवणही माझ्या वेळेला मिळायचं नाही. ह्यांची दुसरी पाळी असली की हे सकाळी जेवून जायचे, म्हणजे मी दुपारच्या आत जेवायचे. पहिली पाळी असली की हे तीन वाजून गेल्यावर घरी यायचे, हातपाय धुवायचे, जेवायचे, मग सासूबाई, आणि मग मी. म्हणजे कारखान्याचा भोंगा माझं पोट चालवत होता. आणि बसल्यावर तरी काय? वाटीभर मऊ भात संपवायला मला इतका वेळ लागायचा की तोवर सासूबाईंचं खरकटं आवरून व्हायचं. गाल दुखून डोळ्यांतून पाणी यायचं. अर्धी वाटी झाली की तोंडच उघडेना. मग ताट उचललं जायचं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत देवाचं राज्य.

मुंबईच्या बाईंनी वजन बघत राहायला सांगितलं होतं. आम्ही ते बघायचं कुठं? हे मला सायकलवर मागे बसवून पिंपरीला लाकडाच्या वखारीत घेऊन गेले. तिथं दोन फळ्या साखळ्यांना टांगलेला मोठा काटा होता. एका फळीवर ओंडके ठेवायचे, दुसरीवर वजनं. ओंडके उतरवून तिथं मला बसवलं. मी पदर सावरून साखळी धरून बसले आणि वखारवाल्यानं एक वजन उचललं, मग आणखी एक उचललं. वजनांची फळी वर येईचना, आणखी एक उचललं. तो बिचारा भला माणूस, माझ्याकडे न बघता दुसरीकडे तोंड करून आकडा सांगितला. मुंबईचं वजन पौंडात, इथलं शेरात. हे बोटांवर हिशेब करत राहिले आणि हिशेब करता करताच त्यांचा चेहरा उतरला. मुंबईहून आले होते त्याहून मी हलकी झाले होते.

परतताना हे सायकलवर बसलेच नाहीत, हातात धरून चालत राहिले.

"आईला तू सांग," हे म्हणाले.

"नवस तुमच्या आईनं बोललाय आणि सांगू मी?"

"तिचं मन मोडवत नाही गं."

"आणि मी मेले तर चालेल?"

खरं सांगते, त्या दिवशी मला आजाराचा राग आला नाही, देवाचा आला नाही, सासूबाईंचासुद्धा तितका आला नाही. मुंबईत त्या डॉक्टरीणबाईंसमोर मान हलवणाऱ्या आणि घरी येऊन चेन बघणाऱ्या या माणसाचा इतका राग आला, की अंगात ताकद असती तर सायकलीसकट पवना नदीत ढकलून दिलं असतं.

घरमालकिणीला सगळं दिसत होतं. अंगण एकच, तिची पडवी आमच्या दारासमोर, न दिसून काय? एकदा सासूबाई शेजारच्या आळीत गेलेल्या असताना तिनं मला पडवीत हाक मारली. "काय गं, आज बी एकदाच?"

"नवस आहे," मी म्हटलं.

"नवस तुज्या घरात हाय. माज्या पडवीत न्हाई," ती म्हणाली. "बस हितं."

तिनं कोमट दुधात अंडं फोडलं, गूळ घातला, रवीनं घुसळलं आणि पितळी माझ्या हातात दिली. चव कळलीच नाही, पण ते घशाखाली उतरलं. बिनतक्रार उतरलं. पोटात कुठंतरी ऊब वाटली आणि मी तिथंच तिच्या म्हशीसमोर बसून रडले. ती काही समजूत घालत बसली नाही. "रड, पर पितळी रिकामी कर," एवढंच म्हणाली.

मग रोज तसं सुरू झालं. सासूबाई देवळात गेल्या की मी पडवीत. हे कामावर गेले आणि सासूबाईंचा डोळा लागला की मी पडवीत. तिकडे दूध, अंडं, कधी शेंगदाण्याचं कूट घालून केलेली पातळ लापशी. ओठ पुसून, तोंडावर पाणी मारून परत यायचं. काही दिवस हे चाललं आणि मग मला स्वतःचीच किळस यायला लागली. मी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली बाई. माहेरी लहानपणीसुद्धा कधी फडताळातला लाडू चोरला नव्हता. आणि आता जगायला लागणारं वाटीभर दूध मी दुसऱ्याच्या गोठ्याशेजारी लपून पीत होते. कुणाचा गुन्हा केला होता मी?

एका दुपारी मी पितळी पडवीत प्यायलेच नाही. भरलेली पितळी हातात घेऊन अंगण ओलांडलं आणि आमच्या दारात, मधोमध, सासूबाईंच्या समोर बसले. त्या तांदूळ निवडत होत्या. हे घरीच होते.

"काय हाय त्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"दूध. त्यात अंडं."

"आन् नवस?"

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुम्ही देवाकडे मला जिवंत मागितलंत ना? मग जिवंत राहू द्या की. वखारीत जाऊन आले मी. विचारा ह्यांना वजन किती उतरलंय ते. वाढलं नाही तर पुढचं औषध नाही. औषध नाही तर मी मरणार. मेल्यावर तुमचा नवस फेडायला परत येऊ का?"

"आसं अभद्र बोलू नगंस. देवाचा कोप हुईल."

"झाला तर माझ्यावर होऊ दे. आणखी काय व्हायचं राहिलंय?" असं म्हणून मी पहिला घोट घेतला. थोडं दूध पदरावर सांडलं. हे उठले. मला वाटलं बाहेर जातील. पण आत गेले, केळं आणून माझ्याजवळ ठेवलं आणि पुन्हा जागेवर बसले. तेवढंच त्यांच्याच्यानं झालं, आणि तेवढ्यालाही उशीरच झाला होता.

सासूबाईंनी तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाल्या, "बोलले मी. फेडीन बी मीच."

त्या दिवसापासून त्या एकभुक्त राहिल्या. वरीसभर, एकच डाव, अळणी.

लोकांना वाटतं मी तेव्हा विरघळले असेन. छे! माझा संताप उलट दुप्पट झाला. मला सहा वेळा खायचं होतं आणि दर वेळी समोर एक म्हातारी उपाशी बसलेली. ती हूं की चूं करायची नाही. निवडणं, टिपणं, शिवणं, जे काय असेल ते घेऊन नेमकी माझ्यासमोरच बसायची. मी तोंड उघडलं की तिची नजर माझ्या घासावर. नवस बोलून जे जमलं नाही ते आता ही बाई उपाशी राहून करतेय, असं मला वाटायचं. पण मी खात राहिले. भाकरी दुधात भिजवून, कुस्करून, लगदा करून. भातावर तूप. रव्याची पातळ खीर. घास चांगल्या बाजूला ढकलायचा, पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचा, मग मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भरायची, ठणका थांबेपर्यंत डोळे मिटून थांबायचं आणि पुढचा घास घ्यायचा. मी जात्यावर पायलीपायलीनं दळलंय, पाण्याच्या खेपा घातल्यात, पण त्या दिवसांतल्या जेवणाइतके कष्ट मी आयुष्यात दुसऱ्या कशाला घेतले नाहीत.

वजन वाढलं. मुंबईच्या बाईंनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "शाब्बास" म्हणाल्या. सुया घातल्या, काढल्या. पुन्हा तोंड सोलून निघालं, पुन्हा तेच दूध, तोच लगदा. हळूहळू जखम भरली. पुढच्या तपासणीला काही सापडलं नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही.

आणि मग आमच्या घरी रीघ लागली. मला बघायला नाही, सासूबाईंच्या पाया पडायला. सुनेसाठी वर्ष वर्ष उपास करणारी सासू! काळेवाडीहून बायका आल्या, सांगवीहून आल्या, देहूरोडहून एक बाई आपल्या सुनेला मुद्दाम दाखवायला घेऊन आली. "हिच्या पुण्याईनं वाचलीस बरं," मला सांगायच्या. दूध नको, तूप नको म्हणून माझ्या ताटातून जिन्नस काढणाऱ्या याच बायका! मी सहा-सहा वेळा रडत गिळलेला लगदा यांच्या खिजगणतीत नव्हता. सासूबाई जेवल्या नाहीत म्हणून मी जगले म्हणे. म्हणजे मी जेवले ते काय हवेत गेलं? तळपायाची आग मस्तकात जायची. ओरडून सांगावंसं वाटायचं. एकदा सांगितलंही, तर सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की हिला उपकाराची जाण नाही.

वर्ष सरलं. उद्यापन झालं. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. सगळा स्वयंपाक मी आणि घरमालकिणीनं केला. सासूबाईंना पाटावर बसवून ताट वाढलं. वर्षभरानं मीठ, वर्षभरानं पोटभर. त्यांनी आनंदानं दोन पोळ्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पोटात काही ठरेना. अन्न समोर आलं की उमासे यायचे. उलट्या थांबल्या तरी घास घशाखाली जाईना. इवल्याशा झाल्या. अंथरुणाला खिळल्या. आणि येणाऱ्या बायका पुन्हा उंबऱ्यातूनच सुरू, दूध नको, तूप नको.

मी कुणाचं ऐकलं नाही. मऊ भात शिजवला, घोटला, चमच्याएवढं तूप घातलं आणि दर दोन तासांनी त्यांच्या उशाशी बसायला लागले. एक घास, मग थांबायचं. त्या मान फिरवायच्या, मी वाट बघायचे. ओठ मिटून घ्यायच्या, मी वाट बघायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी एक घास कसाबसा गिळून त्या दमून पडून राहिल्या. डोळ्यांच्या कडांनी पाणी गळत होतं.

"खानं इतकं अवघड आस्तं व्हय गं?" त्या म्हणाल्या.

"हो, आत्याबाई."

"आन् तू सहा सहा डाव..." त्यांनी पुढचं बोलणं सोडून दिलं आणि माझा हात धरून ठेवला. मी हात सोडवून घेतला नाही. राग गेला असंही नाही. दोन्ही एकदम होतं.

तेवढ्यात दारात पाहुणी. नेहमीसारखी पाया पडायला आलेली, सोबत आणखी दोघी. सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवून ती त्या दोघींना सांगायला लागली, की हीच ती माउली, हिच्याच उपासानं ही सून वाचली.

सासूबाईंनी मान हलवली. आवाज अगदी बारीक, पण शब्द न शब्द स्वच्छ. "म्या काय बी केलं न्हाई," त्या म्हणाल्या. "ती जेवली. जेवली म्हून जगली."

मी पातेलं हातात धरून उभीच राहिले. वर्षभर हे एक वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मी तडफडले होते, आणि म्हणालं कोण तर ही बाई.

पाहुणीनं पदर डोळ्यांना लावला. सोबतच्या दोघींकडे वळून म्हणाली, "बघा, केवढं मोठं मन! एवढं करून वर म्हणतात, मी काही केलंच नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्या तिघींना मी चहा विचारला नाही.